जेन्सन इंटरसेप्टर रस्त्यावर आणताना

जेन्सन इंटरसेप्टर ही जुनी इंग्लिश गाडी घेतोय म्हटल्यावर कॉव्हेंट्रीच्या ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, “पार्ट कुठून आणणार?” शंका रास्त होती. कंपनी १९७६ मध्ये बंद झालेली, आणि या मॉडेलच्या गाड्या दहा वर्षांत बनल्या त्या ६,४०० च्या आसपास.

पण या गाडीत सगळ्यात कमी काळजी इंजिनाची. ॲलन आणि रिचर्ड या जेन्सन बंधूंनी उभी केलेली वेस्ट ब्रॉमविचची ही छोटी कंपनी. तिने डिझाइन मिलानच्या तुरिंगकडून घेतलं, पहिल्या बॉड्या तुरिनच्या विन्यालेकडून करून घेतल्या आणि बॉनेटखाली क्रायस्लरचा व्ही-८ बसवला, आधी ६.३ लिटरचा, पुढे ७.२ चा. अमेरिकेत ही इंजिनं ढिगाने बनली, त्यामुळे गॅस्केट, वॉटर पंप, कार्ब्युरेटरचं किट आजही सहज मिळतं.

खरी परीक्षा पत्र्याची. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते सिलमध्ये, म्हणजे दारांखालच्या पोकळ पट्टीत साठतं. गाडी पाहायला जाताना मी खिशात चुंबक ठेवायचो. रंग झकास दिसतो, पण चुंबक चिकटत नसेल तर आत पुट्टी भरलेली आहे असं समजायचं. गाडी वर उचलून फ्लोअरखालच्या दोन जाड नळ्याही ठोकून बघायच्या. त्याच गाडीचा कणा आहेत; त्या सडल्या असतील तर किंमत कितीही उतरवली तरी हात जोडून निघावं.

मी घेतलेल्या गाडीच्या नळ्या ठणठणीत होत्या, सिल मात्र दोन्हीकडचे गेलेले. वेल्डरने एका वेळी एकच बाजू कापली, तीही दार जागेवर ठेवूनच. दार काढून काम केलं तर बॉडी किंचित झुकते आणि मग दाराची फट कधीच नीट जुळत नाही. मागची ती भलीमोठी वक्र काच आम्ही सुरुवातीलाच उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवली होती. गाडीचं अर्धं सौंदर्य त्या काचेत आहे, असं माझं ठाम मत.

कागदपत्रं त्यामानाने सोपी. चाळिशी ओलांडलेली गाडी ‘हिस्टॉरिक’ वर्गात जाते, रोड टॅक्स शून्य होतो. माझी गाडी बरीच वर्षं बंद पडून होती, म्हणून लॉगबुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदात, जुनाच वर्ग होता. लॉगबुक माझ्या नावावर झाल्यावर पोस्ट ऑफिसात वर्ग बदलण्याचा अर्ज दिला. मोठे बदल न केलेल्या एवढ्या जुन्या गाडीला एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का हे पाहणारी तपासणी, सक्तीची नाही, तरी मी करून घेतली. दीड टनांहून जड गाडीचे ब्रेक दुसऱ्या कुणीतरी तपासावेत, एवढी साधी गोष्ट.

पेट्रोल सुपर ई-फाइव्हच, म्हणजे कमी इथेनॉलचं भरतो. ई-टेनमधलं जास्तीचं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं. गॅलनला बारा मैल मिळाले तरी मी खूश. ट्रॅफिकमध्ये मात्र तापमानाचा काटा अजून चढतो, म्हणून पुढचं काम रेडिएटर नव्या कोअरने बांधून घेण्याचं.