तुम्ही विचारलंत म्हणून: धाकट्याचा आवाज का बदलला?

इंदूरात भेटेल तो हेच विचारतो. सिनेमा आवडला, पण दुसऱ्या भागात धाकट्याच्या तोंडी भलताच आवाज का? कुणी म्हणतं पैसे वाचवलेत, कुणी म्हणतं पोराचं काम आवडलं नसेल. दोन्ही खोटं आहे.

पहिल्या भागात धाकट्याचं काम करणारा मुलगा १० वर्षांचा होता, दुसऱ्याच्या शूटिंगला १३ चा. कथेत मात्र मध्ये एकच वर्ष गेलेलं, त्या गणपतीपासून या गणपतीपर्यंत. पैसे उभे राहायला वेळ लागला हे खरं. पण पटकथेतलं ‘एक वर्षानंतर’ खोडून ‘तीन वर्षांनंतर’ लिहायला छदाम लागत नव्हता. घर होतं तसंच दिसायला हवं, हा हट्ट माझा.

उंची सावरता येते. आईच्या खांद्याशी येणारा मुलगा आता तिच्या कानाला लागला होता. मग आईचं काम करणाऱ्या ताई फळीवर उभ्या राहायच्या आणि त्याला जमेल तो सीन बसून: पाटावर, झोपाळ्यावर, जिन्याच्या पायरीवर. कॅमेरा जवळ, वाइड लेन्स आणि मुलगा दोन पावलं मागे, की तो लहान दिसतो. कॅमेरा लांब नेऊन झूम केलं की हीच दोन पावलं कुचकामी ठरतात. शर्ट एक माप मोठा, कारण घट्ट कपड्यात वाढलेलं अंग उठून दिसतं. पहिल्या वेळी त्या चौकड्याचं अख्खं ठाण घेऊन ठेवायला हवं होतं. ते ठेवलं नाही, आणि नंतर अख्खं क्लॉथ मार्केट पालथं घातलं तरी तो चौकडा मिळाला नाही.

१४ वर्षांखालच्या मुलाला दिवसाला ५ तासांच्या वर काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही. कलेक्टरची परवानगी लागते, मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. नियम योग्यच आहेत. पण फळ्या आणि फ्रेम जुळवण्यात रोज तासभर जायचा, तो त्याच पाचांतून.

आवाजाला मात्र फळी लावता येत नाही.

इंदूरच्या रामबागेतल्या ज्या वाड्यात शूटिंग केलं तिथे रस्त्याचे हॉर्न थांबत नसत, म्हणून जागेवरचा आवाज फक्त अंदाजापुरता घेतला. डबिंग पाच महिन्यांनी, मुंबईत. शूटिंगला त्याचा आवाज कोवळा होता. मधल्या काळात तो फुटला. फोनवर त्याच्या आईने सांगितलं होतं, “जरा बसलाय घसा.” मी तेवढ्यावर विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोयीचं होतं.

अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून तो आला. वाक्य एवढंच: “आई, आजोबा उठत नाहीयेत.” पडद्यावर त्याचेच ओठ, त्याचाच घाबरलेला चेहरा. ‘आई’चा ‘आ’ खालून निघायचा आणि ‘ई’वर चिरकायचा. गरम पाणी दिलं, अर्धा तास थांबलो, पुन्हा घेतलं. अकरा टेक झाले. साउंडवाल्याने पट्टी चार सुरांनी चढवून पाहिली, तर मुलाऐवजी कार्टून बोलायला लागलं. सूर चढवूनही आवाजाची मूळ ठेवण तशीच राखणारी पद्धतही लावली. पट्टी जुळली, पण श्वास जड तो जडच. बाराव्या टेकला त्याने हेडफोन काढला आणि विचारलं, “काका, मी कुठे चुकतोय?”

कुणीच धड उत्तर दिलं नाही. “दमलायस, जा, खाऊन घे,” म्हणालो. चार दिवसांनी दहा वर्षांच्या एका मुलीकडून त्याची सगळी वाक्यं करून घेतली. मुलांचे आवाज मुलींकडून घेण्याची रीत जुनीच आहे, आणि काम तिने चोख केलं. चूक ही, की आम्ही त्याला सांगितलं नाही. पहिल्या खेळाला आईशेजारी बसून त्याने ते ऐकलं.

शूटिंग संपलं त्याच आठवड्यात स्वच्छ खोलीत त्याची वाक्यं घेऊन ठेवायला हवी होती, दोन दिवसांचं काम. हे मी आता प्रत्येकाला सांगतो. पण तेव्हाचा मी विचारतो, की एडिट झालेला नसताना कुठलं वाक्य राहणार आणि कुठलं जाणार, हे कुणाला ठाऊक होतं? त्याचंही खरं आहे.

ते अकरा टेक अजून पुसलेले नाहीत. सातव्यात ‘आई’ सरळ लागलंय, जाड्या आवाजात, न चिरकता. तोच ठेवला असता तर थिएटरात लोक हसले असते की गप्प झाले असते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.