आमची वाटचाल : हळद-बेदाण्याचं मासिक आणि संघटना

आमचं मासिक हळद, बेदाणा आणि गुळाच्या व्यापाराचं. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातले सौदे, शीतगृहातला बेदाणा, निर्यातीचे नियम, हे त्यात येतं. ते कसं वाढलं हे सांगत बसत नाही. एका एजन्सीनं आम्हाला कसं बुडवायला घेतलं होतं, ते मात्र लिहून ठेवायचंय.

एजन्सी मुंबईची. ठिबक आणि ट्रॅक्टरच्या जाहिराती द्यायची, शेवटचं कव्हर कायम तिचंच. प्रकाशकांची संस्था असलेल्या इंडियन न्यूजपेपर सोसायटीची मान्यता असलेल्या एजन्सीला १५ टक्के कमिशन आणि ६० दिवसांची उधारी, हा रिवाज आपल्याला ठाऊकच आहे. इथे साठाचे नव्वद झाले, पुढे वर्ष उलटलं. फोन केला की उत्तर एकच, "क्लायंटकडून आलेलं नाही." क्लायंटनं पैसे केव्हाच चुकते केले होते, हे नंतर कळलं.

जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर, आणि मासिकाच्या हलक्या कोटेड कागदावर १० टक्के आयात शुल्क बसलं. ऑगस्टमध्ये कृष्णा गावात शिरली आणि गोडाऊनमधली कागदाची रिमं भिजली. कागदवाला दारात, प्रेसवाला दारात. गावातल्याच दुसऱ्या मासिकानं आमच्या जाहिरातदारांना सांगितलं, "ते बंद पडले." हे मी विसरलेलो नाही.

हळदीचे एक जुने अडते तेव्हा ऑफिसात आले. वर्षभराच्या आतल्या कव्हराचा चेक टेबलावर ठेवला. "अण्णा, अंक चुकवू नका. माझी गिऱ्हाईकं भाव त्यातच बघतात." सवलत मागितली नाही. त्या चेकवर पुढचा अंक निघाला.

बाकीचं काम प्रकाशकांच्या संघटनेनं केलं. आर.ओ. (एजन्सीची जाहिरात छापायची लेखी ऑर्डर), बिलं, टिअर शीट (जाहिरात छापलेलं अंकातलं पान) आणि पोस्टाच्या पावत्या, सगळी फाईल मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एजन्सीला पत्र धाडलं, प्रत क्लायंटला. थकबाकी मिटेपर्यंत या एजन्सीला उधारीवर जागा देऊ नका, असं सभासदांना कळवलं. एकट्या सांगलीकराचा फोन न घेणारे मालक आठवड्यात हप्ते बांधून द्यायला तयार झाले. कागदाच्या शुल्काविरुद्धही देशभरातल्या प्रकाशकांच्या संस्था भांडल्या, २०२० च्या अर्थसंकल्पात ते ५ टक्क्यांवर आलं. एकट्यादुकट्याच्या अर्जानं दिल्लीत पान हलत नाही.

नव्या प्रकाशकांनो, संघटनेची वर्गणी भरून ठेवा, अडचण यायची वाट पाहू नका. आर.ओ.वर सही-शिक्का असल्याशिवाय पान सोडू नका. पोस्टिंगची प्रत्येक पावती जपा, खपाचा तोच खरा पुरावा.

खपावरून आठवलं. प्रकाशक, जाहिरातदार आणि एजन्सी यांनी मिळून १९४८ मध्ये ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स उभी केली, ती आकडे तपासून मिळावेत म्हणून. आमच्या त्या स्पर्धकाच्या दरपत्रकावर आजही मनाला येईल तो आकडा असतो. छपाईचं बिल आणि सीएचा दाखला जोडल्याशिवाय सभासदानं खप छापू नये, असा ठराव मी दिला आहे. तो पुढच्या सभेत येतोय.