गोरल दिसेपर्यंत

"दीदी, बैठ जाओ," गाईड म्हणाला आणि वाटेकडेच्या दगडावर स्वतःही बसला. हिमाचलमधल्या तीर्थन नदीपलीकडच्या कड्याकडे त्याने नुसती हनुवटी वर करून खूण केली. मला दिसला तो खडक, त्याच्या खाचांतून वाढलेलं गवत आणि दोन-चार वाकडी झाडं.

पुण्याहून आम्ही अकरा जण निघालो होतो. दिल्लीहून रात्रभराची बस, मग औट, बंजार, गुशैणी. या प्रवासाबद्दल लिहावं असं काही नाही, अंग मोडून निघालं एवढंच. गुशैणीहून चालत रोल्ला गाठायचं होतं. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आतला हा पहिला मुक्काम. सोबतचे बाकीचे पुढे निघून गेले होते आणि एकाच्या सॅकला अडकवलेल्या स्पीकरवरची गाणी वळणापलीकडूनही ऐकू येत होती. रविवारी राजगडावर हे सोसावं लागतंच, पण इथेही? मला मनापासून राग आला. सकाळीच त्याला अडवायला हवं होतं, पण ग्रुपमध्ये वाईटपणा नको म्हणून मी गप्प बसले होते. त्याची चुटपुट आजही आहे.

गाणी विरली, मग नुसता नदीचा आवाज उरला. दुर्बिणीतून खडक न् खडक पाहून झाला. पंधरा मिनिटं गेली असतील. गाईड अधूनमधून हळूच सांगायचा, त्या काळ्या ओघळाच्या डावीकडे, झुडपाच्या खाली. झुडूप सापडलं, पण खाली काहीच नव्हतं. आणि अचानक त्या 'काहीच नाही'ने मान वळवली. गळ्याखालचा पांढरा डाग लख्ख दिसला, त्यामागे दोन आखूड शिंगं, मग राखी-तपकिरी पाठ. गोरल! इतका वेळ मी त्याच्याकडेच बघत होते. बकरीएवढं ते जनावर, पाय टेकायला वीतभर जागा नाही अशा कपारीत उभं राहून निवांत गवत खात होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

तिथेच बसल्या बसल्या गाईड बोलता झाला. त्याचे आजोबा उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वरच्या थाचांवर जायचे. थाच म्हणजे डोंगरमाथ्याची कुरणं. घरची माणसं गुच्छी ही रानअळंबी आणि नागछत्री ही औषधी वनस्पती गोळा करून विकायची. 1999 मध्ये नॅशनल पार्क झालं आणि आतली चराई, जडीबुटी सगळं बंद. 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं, त्याचं आम्हा पाहुण्यांना केवढं कौतुक! पण ज्यांच्या पायांनी या वाटा पडल्या, त्यांनी काय सोडलं हे मला त्या दगडावर बसून पहिल्यांदा कळलं. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. "जनावर कुठे उभं राहील हे मेंढ्यांमागे फिरणाऱ्यालाच कळतं," एवढंच म्हणाला.

रोल्ल्याला मी स्पीकरवाल्याशी बोलले. त्याने मुकाट्याने तो सॅकच्या तळाशी ठेवला. हे इतकं सोपं होतं.

दुसरा दिवस शिल्टच्या चढात गेला. गुडघे बोलायला लागले होते.

शिल्टला पहाटे अजून अंधारच होता, तेव्हा गाईडने तंबूवर टिचकी मारली. बाहेर मरणाची थंडी. खालच्या झाडीतून चुकलेल्या कोकरासारखी हाक येत होती, थांबून थांबून. "जुजुराना," तो कुजबुजला. हिमाचलचा राज्यपक्षी. जगातल्या सगळ्या पक्ष्यांचं एकेक पीस घेऊन देवाने हा घडवला, असं इथली माणसं सांगतात. दिसला नाहीच. उजाडेपर्यंत आम्ही अकराही जण रांगेत उभे होतो, स्पीकरवालासुद्धा. गाईडच्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता. हाक थांबली तेव्हा कुठे त्याने पहिला घोट घेतला.