ना वारा चांगला, ना लग्न: पोर्तुगाल-स्पेन सीमेवरचा शेजार

लिस्बनहून पूर्वेकडे निघालेला महामार्ग आलेंतेझू प्रांतातील बुचाच्या आणि ऑलिव्हच्या झाडांनी भरलेल्या माळरानांतून जातो, आणि स्पेनची हद्द लागण्यापूर्वी एल्वश हे तटबंदीचे गाव समोर येते. ताऱ्याच्या आकाराची ही तटबंदी आणि आठशेहून अधिक कमानींचा जलसेतू यांसह या गावाला युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तट उभारला तो स्पॅनिश सैन्य बाहेर ठेवण्यासाठी. आता मात्र सीमेपलीकडच्या बादाखोस शहरातील कुटुंबे सुटीच्या दिवशी याच तटाच्या दरवाजातून जेवायला आणि टॉवेल-चादरी खरेदी करायला आत येतात. मला दोन्ही भाषा कामापुरत्या समजतात, आणि किल्ल्यांइतकेच या दोन शेजाऱ्यांचे एकमेकांशी बोलणे ऐकण्याची ओढ मला येथे घेऊन आली होती.

ती संधी गावातल्या एका खाणावळीतच मिळाली. शेजारच्या मेजावरील स्पॅनिश गृहस्थांनी पदार्थांची यादी मोठ्याने वाचायला घेतली आणि ‘पोल्वो’ या शब्दाशी येऊन ते मुद्दाम थांबले. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ ऑक्टोपस, तर हुबेहूब तसाच लिहिला जाणारा स्पॅनिश शब्द म्हणजे धूळ. वाढप्याला हा प्रसंग नवा नव्हता. “आजची धूळ ताजी आहे, आणि ऑलिव्ह तेलात बटाट्यांबरोबर भाजलेली आहे,” असे त्याने स्वच्छ स्पॅनिशमध्ये सांगितले आणि मेजावरची मुले खिदळू लागली. जेवण झाल्यावर त्यांच्या आजीबाईंनी ‘एस्किसितो’ म्हणून मनापासून दाद दिली. स्पॅनिशमध्ये ही उत्तम स्वयंपाकाची पावती आहे. पोर्तुगीज ‘इश्किझीतू’ मात्र विचित्र, चमत्कारिक अशा अर्थाचा. स्वयंपाकघराच्या दारातून आचाऱ्याने रुसल्याचा आव आणून डोके बाहेर काढले, तेव्हा आजीबाई सर्वांत मोठ्याने हसल्या.

बिल आल्यावर तर इतिहासच बाहेर निघाला. १३८५ साली आल्जुबारोता येथे पोर्तुगिजांनी कास्तीलच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधील एका राज्याच्या, सैन्याचा पराभव केला. त्या दिवशी आपल्या भट्टीत लपून बसलेल्या सात शत्रुसैनिकांना एका पाववालीने भट्टीच्या लांब फावड्याने ठार केले, अशी दंतकथा पोर्तुगालमध्ये लहानथोरांना ठाऊक असते. पैसे देण्यास उशीर झाला तर ते फावडे अजून आत आहे, असे वाढप्याने बजावले. त्यावर गृहस्थ म्हणाले, “१५८० ते १६४० अशी साठ वर्षे तुमच्या गादीवर आमचा राजा होता, तेव्हाचा हिशेब आधी करू.” त्या साठ वर्षांत गोवाही त्याच राजाच्या अमलाखाली होता, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा दोघांनी मिळून मलाच या जुन्या हिशेबाचा पंच नेमले.

खरे गोंधळ यापेक्षा रोजच्या व्यवहारात होतात. मोटार बंद पडलेला पोर्तुगीज माणूस स्पेनमध्ये ‘ओफिसीना’ कुठे आहे असे विचारतो, कारण त्याच्या भाषेत दुरुस्तीच्या गॅरेजला तो शब्द आहे. समोरचा त्याला एखाद्या कचेरीचा पत्ता देतो. स्पॅनिश गॅरेजवर ‘तायेर’ अशी पाटी असते, आणि तिच्याशी कानाला जुळणारा पोर्तुगीज शब्द म्हणजे काटे-चमचे. स्पॅनिश वर्तमानपत्रांत संशयित चोराच्या आधी ‘प्रेसुंतो’ हे विशेषण लागते. पोर्तुगीज ‘प्रेझुंतू’ म्हणजे खारवून वाळवलेली डुकराची मांडी. त्यामुळे गुन्हेगारीच्या बातम्या वाचताना पोर्तुगीज वाचकाची होणारी करमणूक सहज समजू शकते.

या थट्टेचा तराजू मात्र समतोल नाही. पोर्तुगीज लोकांना स्पॅनिश पुष्कळ कळते, स्पॅनिश लोकांना पोर्तुगीज त्या मानाने फार कमी. स्पॅनिशचे स्वर पाच आणि सुस्पष्ट. पोर्तुगालची पोर्तुगीज मात्र उच्चारात जोर न पडणारे स्वर जवळजवळ गिळून टाकते, त्यामुळे कागदावर ओळखीचा वाटणारा शब्द कानावर येताना निम्मा उरतो. शिवाय स्पेनमध्ये परदेशी चित्रपट बहुतांशी स्पॅनिश आवाजात ऐकवले जातात, तर पोर्तुगालमध्ये ते मूळ भाषेत, खाली अक्षरे देऊन दाखवले जातात. त्यामुळे पोर्तुगीज कानाला परक्या आवाजांची सवय बालपणापासून होते. दहापट मोठ्या नव्हे, पण चौपटीहून अधिक लोकसंख्येच्या शेजाऱ्याचे बोलणे आपल्याला समजते आणि आपले त्याला समजत नाही, हा छोट्या देशाचा खराखुरा आनंद आहे, आणि माझ्या मते येथील निम्मे विनोद त्याच आनंदातून जन्मतात.

मराठी माणसाला येथे एक वेगळेच सुख लाभते. चावी, परात, लिलाव, पगार, कोबी, बटाटा आणि पाव हे शब्द आपण पोर्तुगिजांकडूनच घेतले आहेत, त्यामुळे एल्वशच्या बाजारात ओळखीची माणसे भेटावीत तसे ते भेटत राहतात. सीमा ओलांडून बादाखोसला पोचताच चावीची ‘यावे’ होते आणि कोबी ‘कोल’ होऊन परका होतो.

ओलिवेन्सामध्ये मात्र थट्टा जरा जपून केली जाते. १८०१ साली स्पेनने हे गाव युद्धात घेतले आणि पोर्तुगालने त्यावरचा हक्क औपचारिकपणे अद्याप सोडलेला नाही. रस्त्यांच्या पाट्यांवर आता स्पॅनिश नावांबरोबर जुनी पोर्तुगीज नावेही आहेत, आणि माग्दालेना चर्चमधील पिळदार खांब पोर्तुगीज आहेत हे सांगण्यासाठी पाटीची गरज नाही. एल्वशकडून येथे येताना ग्वादियाना नदीवर १७०९ साली उद्ध्वस्त झालेला आजुदा पूल तसाच उभा दिसतो. त्याच्या शेजारचा, २००० साली खुला झालेला नवा पूल पोर्तुगालने स्वतःच्या खर्चाने बांधला, कारण खर्च वाटून घेणे म्हणजे नदीला सीमा मानणे झाले असते. एका चहाच्या दुकानदाराने ही हकीकत मला सांगितली ती, पूल फुकटात मिळाला म्हणून शेजाऱ्यांचे मनापासून आभार मानत.

परतताना एल्वशमध्ये टॉवेल घेतले. दुकानाच्या मालकीणबाईंनी मला जुनी म्हण ऐकवली: “स्पेनकडून ना चांगला वारा येतो, ना चांगले लग्न जुळते.” वारा म्हणजे पिके सुकवणारा पूर्वेचा कोरडा वारा. लग्न म्हणजे राजघराण्यांतील सोयरिकी, ज्यांच्या आधारे स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोर्तुगालच्या गादीवर हक्क सांगितला. मग त्यांनी नातवंडांची छायाचित्रे दाखवली. एल्वशमधील प्रसूतिगृह २००६ साली बंद झाल्यापासून गावातील कितीतरी बाळे बादाखोसच्या रुग्णालयात जन्मतात, तशी हीही दोघे तिथलीच. जावईही बादाखोसचाच, आणि तो पलीकडे टॉवेलांच्या घड्या घालत उभा होता. “म्हणजे आता तक्रार उरली ती फक्त वाऱ्याची,” असे तो स्पॅनिशमध्ये म्हणाला, आणि सासूबाईंनी पोर्तुगीजमध्ये त्याला चादरी आणायला आत पिटाळले.