यांचे किती येतील?

घरी कुणी आलं आणि कपाटावरचे टपाल तिकिटांचे अल्बम खाली उतरले, की दहा मिनिटांच्या आत एक प्रश्न हमखास येतो. पहिली पाच मिनिटं कौतुकात जातात. मग पानं उलटता उलटता कुणीतरी थांबतं, आवाज थोडा खाली आणतं आणि विचारतं, "पण विकली तर यांचे किती येतील हो?" आजवर मी हसून वेळ मारून नेत आले. परवा तुम्हीही तेच विचारलंत, पण वर म्हणालात, "टाळू नका हं." म्हणून सांगते.

काही येणार नाहीत. अगदी शून्य नाही म्हणत, पण विकायला नेण्याचा खटाटोप त्याहून महाग पडेल. माझ्याकडे सात-आठ हजार पोस्टाची तिकिटं आहेत. जवळजवळ सगळी वापरलेली, शिक्का बसलेली, लाखोंनी नाहीतर कोटींनी छापलेली. कुणाच्या ना कुणाच्या पाकिटावरून ती माझ्याकडे आली. दुर्मीळ म्हणावं असं त्यांत एकही नाही. आणि मला त्यांच्यातून जो आनंद मिळतो, तो ती कवडीमोलाची आहेत म्हणूनच मिळतो, अशी माझी पक्की समजूत झाली आहे.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं तुम्ही मनात म्हणाल. म्हणा. पण ज्या तिकिटांना खरोखर किंमत आहे, त्यांचं पुढे काय होतं ते बघा. दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानामध्ये १८५६ साली छापलेलं एक सेंटाचं किरमिजी तिकीट जगात एकच उरलंय, असं मानतात. १८७३ साली एका बारा वर्षांच्या मुलाला ते काकाच्या जुन्या पत्रांत सापडलं. चारी कोपरे कापलेले, दिसायला मळकट. त्याने ते काही शिलिंगांना विकून टाकलं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तेच तिकीट नव्वद लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. ही गोष्ट सांगताना सगळे त्या मुलाबद्दल हळहळतात. मला मात्र वाटतं, त्या तिकिटाची खरी मजा त्यानेच घेतली. त्याने ते काकाच्या पत्रांच्या गठ्ठ्यातून शोधलं, हातात धरलं, उलटून पाहिलं. आता ते काचेआड असतं, नाहीतर तिजोरीत. स्वतःच्या तिकिटाला हात लावायची भीती वाटावी, असा छंद मला नको.

जुनं म्हणजे दुर्मीळ, हाही एक गोड गैरसमज. जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट म्हणजे मे १८४० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेलं 'पेनी ब्लॅक'. त्याच्या सुमारे ६ कोटी ८० लाख प्रती छापल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी आजही शाबूत आहेत. कारण साधं आहे. तेव्हा लोक पाकीट सहसा वापरत नसत. पत्राचाच कागद घडी करून त्यावर तिकीट लावत. पत्र जपून ठेवलं, की तिकीटही आपोआप जपलं जायचं. त्या तिकिटाची गंमत त्याच्या कोपऱ्यांत आहे. एका तावावर २४० तिकिटं, वीस ओळी, प्रत्येक ओळीत बारा. खालच्या दोन कोपऱ्यांत दोन इंग्रजी अक्षरं असायची, ती तावावरच्या जागेप्रमाणे बदलायची. पहिलं तिकीट 'एए', शेवटचं 'टीएल'. सुटी तिकिटं जमवत जमवत अख्खा ताव पुन्हा जुळवणारे लोक आहेत, आणि त्यात वर्षानुवर्षं घालवतात. माझ्याकडे पेनी ब्लॅक नाही. पण हे वेड मला समजतं.

तर मी करते काय, ते सांगते. रात्रीची आवराआवर झाली, ओटा पुसून झाला, की एक पसरट थाळी घेते आणि तिच्यात कोमट पाणी ओतते. आठवडाभर जमलेली पाकिटांची कात्रणं आधीच एका डब्यात असतात. तिकिटाभोवती बोटभर कागद सोडून कापलेली. अगदी कडेला कात्री लावली तर दाते तुटतात, आणि दाते तुटलेलं तिकीट म्हणजे दात पडलेलं हसू. (मला तेही आवडतं, पण ते सोडा.) कात्रणं पाण्यावर सोडायची, तिकिटाची बाजू वर. मग पंधरा-वीस मिनिटं काही करायचं नाही. हाच त्यातला कठीण भाग आहे. मन म्हणतं, ओढून बघू. ओढलं की मागची पातळ साल कागदालाच चिकटून राहते आणि तिकीट अधू होतं. थांबलं, की डिंक स्वतःहून विरघळतो, आणि एका क्षणी तिकीट कागदावरून असं सरकतं, जसं झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं सुटतं. हा क्षण हजारदा पाहिलाय. अजून कंटाळा आलेला नाही.

मग दुसऱ्या थाळीत स्वच्छ पाणी, मागचा राहिलेला चिकटपणा धुवायचा. मग जुन्या टॉवेलवर तिकिटं पालथी घालायची. सकाळपर्यंत ती वाळून सुरळ्या होतात, म्हणून दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून जाड पुस्तकात दाबायची. आमच्याकडे या कामाला शब्दकोश आहे. कुठल्या पानात काय ठेवलं ते मी विसरते. महिन्यांनी कुणीतरी 'प'मधला शब्द शोधायला जातं आणि मांडीवर चार तिकिटं पडतात. घरात मग, "तुझे पक्षी उडाले गं!" अशी हाक येते.

यात चुका खूप केल्या. एकदा लाल पाकिटाचं कात्रण बाकीच्यांबरोबर भिजवलं. अर्ध्या तासाने थाळीतलं पाणी कुंकवासारखं, आणि पंचवीसेक तिकिटं कायमची गुलाबी. ती मी टाकली नाहीत, त्यांचं वेगळं पान केलं. आता तर पाण्याने सुटणारी तिकिटं कमी होत चालली आहेत. स्टिकरसारखं सोलून लावायचं तिकीट १९६४ साली सिएरा लिओनने पहिल्यांदा काढलं आणि हळूहळू ते जगभर पसरलं. ही बरीचशी तिकिटं कितीही भिजवा, ढिम्म हलत नाहीत. अशी मी कागदासकट कापून ठेवते. थोडा राग आहेच त्यांच्यावर.

भिजवून, वाळवून झाल्यावर खरं काम सुरू होतं, म्हणजे बघणं. लोकांना वाटतं चित्रं बघते. चित्रं तर दोन मिनिटांत बघून होतात. मागच्या महिन्यात माझ्यासमोर दोन तिकिटं होती, तोच रंग, तेच चित्र, तीच किंमत. पण डाव्या हाताला एक किंचित वेगळं लागत होतं. मापपट्टी काढली. दाते मोजायची रीत अशी, की दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात ते पाहायचं. एकाची चौदा भरली, दुसऱ्याची पंधरा. म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळी, वेगळ्या यंत्रावर पाडलेले दाते. या शोधाचा कुणाला काही उपयोग? छे. पण त्या रात्री मी नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं," आणि कूस बदलली.

त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याचा स्वतःचा एक डबा आहे, त्यात किल्ल्या आहेत. कुठल्या कुलपांच्या, कुणालाच माहीत नाही. कुलपं हरवली, मोडली, घरं बदलली. किल्ल्या राहिल्या. वर्षातून एखाद्या रविवारी तो त्या टेबलावर ओततो, तेल लावतो, लांबीप्रमाणे लावतो आणि परत डब्यात भरतो. त्याला मात्र कुणी विचारत नाही, यांचे किती येतील म्हणून. तिकिटांचंच नशीब असं, की त्यांच्यावर आकडा छापलेला असतो.

आणि गंमत म्हणजे या छंदाच्या नावातच फुकटेपणा आहे. 'फिलाटेली' हा शब्द १८६४ साली जॉर्ज एर्पां या फ्रेंच संग्राहकाने बनवला. त्याआधी लोक या नादाला सरळ 'तिंब्रोमानी', म्हणजे तिकिटांचं खूळ, म्हणत. एर्पांने दोन ग्रीक शब्द जोडले, 'फिलोस' म्हणजे प्रिय आणि 'अतेलिया' म्हणजे करातून सूट. तिकिटं येण्यापूर्वी टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचा असे. तिकीट लावलेलं असलं, की घेणाऱ्याला काही द्यावं लागत नाही. म्हणजे आम्ही कोण, तर 'काही द्यावं लागत नाही' याचे प्रेमी. मला हे नाव फार शोभतं.

एकदा एका स्नेह्यांनी मला एक अख्खा संच भेट दिला. सुंदर रंगीत फुलपाखरं, बारा तिकिटं, एकही कमी नाही. प्रत्येकावर कोपऱ्यात नीटनेटका शिक्का. उलटून पाहिलं तर मागचा डिंक जसाच्या तसा. म्हणजे ही तिकिटं कधी पाकिटाला लागलीच नव्हती. संग्राहकांना विकायची म्हणून छापखान्यातच शिक्का मारून बाहेर पडलेली. अशी तिकिटं भरपूर निघतात, आणि त्यांत बेकायदेशीर काहीच नाही. पण माझ्या हाताला त्यांच्यात काम उरलं नव्हतं. भिजवायचं नाही, शोधायचं नाही, कुठून आलं याचा विचार करायचा नाही. स्नेह्यांचे मनापासून आभार मानले आणि संच शेजारच्या मुलीला दिला. तिने त्यातली दोन फुलपाखरं वहीच्या कव्हरवर चिकटवली. मला ते जास्त बरं वाटलं.

तुम्ही अल्बम चाळत होतात तेव्हा तिसऱ्या अल्बममधलं एक पान तुम्ही सरसर उलटून पुढे गेलात. साहजिक आहे. त्या पानावर एकच तिकीट आहे, तपकिरी, अगदी साधं. त्याच्यासारखी चाळीसेक माझ्याकडे अदलाबदलीच्या डब्यात पडली आहेत. या एकाबरोबर मात्र एक पत्र आहे.

मी नऊ वर्षांची होते. आजोबांचं पत्र आलं होतं, आईला. पातळ कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, घडी घालून बाहेरून तिकीट लावलेलं. आईने ते वाचायच्या आधी मला त्यातलं तिकीट दिसलं. मी कात्री घेतली आणि छान चौकोन कापून वाटीतल्या पाण्यात टाकला. पाणी निळं झालं. तिकीट सुटलं, वाळलं, वहीत गेलं. संध्याकाळी आई पत्र वाचायला बसली. मधेच थांबली, कागद दिव्यासमोर धरला आणि त्या चौकोनातून माझ्याकडे बघत म्हणाली, "इथे काय लिहिलं होतं गं?"

भोकाच्या आधी लिहिलं होतं, 'तुझ्या आईला आता'. भोकानंतर, 'म्हणून काळजी करू नकोस'.

आईने उलट टपाली विचारलं. आजोबांना आठवेना. आजीला विचारलं तर ती म्हणाली, मला काय झालं होतं, मी ठणठणीत होते. पुढे कितीतरी वर्षं घरात कुणी मधेच बोलायचं थांबलं, की आई म्हणायची, "म्हणून काळजी करू नकोस," आणि सगळे हसायचे.

ते पत्र आईने मला दिलं, मी अल्बममध्ये लावलं. कधीतरी तिकीट काढून त्या चौकोनात ठेवून बघते. बोटभर कागद सोडून कापलं होतं ना, त्यामुळे बसत नाही. चारी बाजूंनी फट राहते.