माघी गणपती, फळ्यावरचा हिशोब आणि आमची बारी

माघ लागला की माझ्या ऑफिसात येणाऱ्या लोकांना एक गोष्ट आता पाठ झालीय, चतुर्थीच्या आगेमागे मॅडम कुडाळात भेटत नाहीत, त्या गावाक असतत. मी सीए आहे, प्रॅक्टिस कुडाळला आणि गाव मालवण तालुक्यात, किनाऱ्याला लागून माडांच्या पट्ट्यातली एक छोटी वाडी. माघी गणेश जयंती येते जानेवारीच्या शेवटाला नाहीतर फेब्रुवारीत आणि ३१ जानेवारीला टीडीएसच्या तिसऱ्या तिमाहीच्या रिटर्नची शेवटची तारीख, ज्या वर्षी दोन्ही एकाच आठवड्यात येतात त्या वर्षी आधी रात्री उशिरापर्यंत बसून सगळं उरकायचं, पण मंडळाचा कार्यक्रम सोडायचा नाही हे ठरलेलं. भादव्यातला गणपती आमच्याकडे घरोघरी असतो, ज्याचा त्याचा, तेव्हा कोणाला कोणाकडे धड बसायलाही वेळ नसतो. माघीचा मात्र अख्ख्या वाडीचा एकच, मंडळाच्या शेडमध्ये. म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो, आजही.

लहान असताना या दिवसांची पहिली खूण म्हणजे तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, उतरणारे चाकरमानी. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत, त्याच्या आधी मुंबईचे काका लोक रात्रभर एसटीत बसून यायचे, सकाळी तिठ्यावर उतरले की धुळीने केस पांढरे झालेले, आणि हातात मंडळासाठी आणलेला काही ना काही ऐवज असायचाच, कधी मखराचं सामान, कधी मुलांना वाटायच्या वह्यांचा गठ्ठा. मग कोकणकन्या गाडी आली, आता तुतारी एक्सप्रेस पण आहे, चिपीचं विमानतळही झालं २०२१ मध्ये, पण तिठ्यावर जाऊन माणसं घेऊन यायची पद्धत तशीच राहिलीय आणि मला ती राहावी असंच वाटतं.

सकाळी पूजा, आरती, मग गाऱ्हाणं. ज्याने कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्याला ते कसं सांगावं मला खरंच कळत नाही. मानकरी देवासमोर उभे राहून सगळ्या वाडीच्या वतीने मागणं घालतात, कोण आजारी आहे, कोणाच्या मुलीचं लग्न ठरत नाहीय, कोणाचा मुलगा बोटीवर गेलाय त्याला सुखरूप आण, आंब्याला मोहोर आलाय तो टिकू दे, आणि प्रत्येक वाक्याला सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा!" लहानपणी मी नुसती ओरडायला मिळतं म्हणून ओरडायचे. सीएच्या फायनलचा एक ग्रुप राहिला होता त्या वर्षी मानकऱ्यांनी न सांगता माझं नाव घेतलं, "आमच्या वाडयेचा चेडू परीक्षेक बसलासा, तेका यश दी म्हाराजा", आणि मागून दोनशे माणसं व्हय म्हाराजा म्हणाली. त्या आवाजात उभं राहून आलेलं बळ मला नंतर कुठल्याच क्लासमध्ये मिळालं नाही.

दुपारी महाप्रसाद. भात, वरण, काळ्या वाटाण्याचं सांबारं, लाल भोपळ्याची भाजी, खीर. हे जेवण घरी तसंच्या तसं करून बघितलंय, तशी चव येत नाही, मोठ्या टोपात लाकडावर शिजलेलं ते वेगळंच.

आणि मग चारच्या सुमाराला हिशोब-वाचन, ज्याच्याबद्दल मला खरं लिहायचंय. आमचे आधीचे खजिनदार पोस्टातून रिटायर झालेले, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांची लाल कापडी वही आणि लोखंडी तारेला टोचून ठेवलेल्या पावत्या, बस, एवढंच ऑफिस. पण पंधरा रुपयांची सुतळी आणली तरी त्याची पावती त्या तारेवर असायची. अण्णांचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनीच सांगितलं की आता बायने, म्हणजे मी, बघावं. मंडळ तोपर्यंत नोंदणीकृत नव्हतं, वर्गणी गोळा करायला दरवर्षी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी काढायला लागायची, ते मी आधी मार्गी लावलं, मग रीतसर नोंदणी केली, आणि ताळेबंद अनुसूची ८ मध्ये, उत्पन्न-खर्च अनुसूची ९ मध्ये असं सगळं नियमाप्रमाणे चालू झालं. मी खजिनदार असल्यामुळे ऑडिट अर्थातच मी करत नाही, ते दुसरे सीए करतात, आणि हे मी सभेत मुद्दाम सगळ्यांना समजावून सांगितलं, कारण जो पैसे सांभाळतो त्यानेच तपासायचे नसतात हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

पहिल्या वर्षी मी तो छापलेला ताळेबंद वाचला. सगळे शांत ऐकत होते. वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एक आजी उठल्या, वय ऐंशीच्या पुढचं, सुपारी सोलून आणि खोबरं विकून पैसे बाजूला काढणाऱ्या, आणि म्हणाल्या, "बाय, माजे एकशेएक रुपये ह्या कागदार खंय दिसतत?" दिसत नव्हते. म्हणजे होते, "देणग्या" या एका ओळीत सगळ्यांबरोबर होते, पण आजींना त्यांचे दिसत नव्हते. मी कागद बाजूला ठेवला, वही उघडून त्यांचं नाव काढलं, बोटाने दाखवलं आणि मग ते एकशेएक रुपये मंडपाच्या भाड्यात गेले की तांदळात गेले हे त्यांच्याशी बोलत बसले. बाकीचे पण जवळ सरकले. अर्धा तास झाला, कोणी उठलं नाही.

दुसऱ्या वर्षापासून शेडच्या भिंतीला शाळेतून आणलेला फळा लागतो. आले किती, गेले किती, उरले किती, खडूने मोठ्या अक्षरात, आणि बाजूच्या कागदांवर प्रत्येक देणगीदाराचं नाव, आकड्याप्रमाणे नाही, घरांच्या क्रमाने, म्हणजे पाच हजारवाला आणि एकशेएकवाली शेजारी शेजारी. सरकारी कार्यालयाला अनुसूची जाते, वाडीला फळा. त्या फळ्याने माझं ऑफिसातलं कामसुद्धा बदललं. मच्छीमार असो, होमस्टे चालवणारी ताई असो, बागायतदार असो, आता मी आधी कोऱ्या कागदावर आले-गेले-उरले लिहून दाखवते आणि मग कॉम्प्युटर उघडते, आणि मी बघितलंय की माणूस एकदा स्वतःचा आकडा स्वतः वाचायला लागला की तो पुढच्या वर्षी बिलं नीट जपून आणतो, त्याला सांगायला लागत नाही. सभा संपल्यावर तर शेडच्या पायरीवर माझी दुसरी सभाच भरते. "आंब्याक टॅक्स लागता काय गो?" हा दरवर्षीचा प्रश्न. बागेतला आंबा विकलात तर ते शेतीचं उत्पन्न, त्याच्यावर इन्कम टॅक्स नाही, पण पल्प काढून डबे भरायला लागलात की हिशोब वेगळा, हे मी दरवर्षी तितक्याच आवडीने सांगते. तिथे फी नसते. वाडीने माझ्यासाठी जे केलंय त्याच्यापुढे हे काहीच नाही.

संध्याकाळी पूजेतल्या फळांचा लिलाव आणि बायकांच्या फुगड्या. लिलावात साधा नारळ हजाराच्या वर जातो, घेणारा तो फोडून सगळ्यांना वाटून टाकतो, आणि ते पैसे पुढच्या वर्षीच्या वह्यांना. फुगड्यांबद्दल थोडं जास्त लिहायला पाहिजे. बसफुगडी, दंडफुगडी, जातं, कोंबडा, झिम्मा, हे सगळं आमच्या आयांनी कुठल्या वर्गात जाऊन शिकलं नाही, भादव्यातल्या रात्री अंगणात खेळून शिकल्या. आता स्पर्धा असतात, सारख्या नऊवारी, सारखे गजरे, परीक्षक, बक्षीस. ते छानच आहे, मुली त्या निमित्ताने शिकतात, पण माझं स्पष्ट मत आहे की परीक्षक उठून गेल्यानंतर जी फुगडी चालू होते ना, सासू-सून, काकी-पुतणी, कोण कोणाचा हात धरेल त्याचा नेम नाही, ती खरी. बँकेतल्या मॅनेजरबाई आणि आमच्याकडे मासे घेऊन येणारी मावशी एकमेकींचे हात घट्ट धरून फिरताना मी बघितल्यात, दोघी घामाने डबडबलेल्या, कोणी आधी सोडायला तयार नाही.

भजनाचं वेड मला उशिरा लागलं, पस्तिशी उलटल्यावर. आमच्या वाडीत महिला भजन होतं पण पखवाज वाजवायला पुरुषच यायचे, ते मुंबईला गेले की भजन बंद. शेजारच्या गावातल्या बुवांना विचारलं, मला शिकवाल का, ते म्हणाले शनिवारी ये, नखं कापून ये. ता, दिं, थुं, ना, सुरुवातीचे कित्येक महिने फक्त एवढंच. मग कणीक मळायला शिकले, गव्हाची कणीक मऊसूत मळून डाव्या तोंडावर लावायची, किती लावली त्याच्यावर खर्ज ठरतो, आणि वाजवून झालं की लगेच काढायची. उजवं तोंड शाईचं, म्हणजे मध्ये काळा लेप असलेलं, ते बाजूच्या लाकडी गट्ठ्यांवर हातोडीने ठोकून पेटीच्या काळी चार या सुराला मिळवायचं. दिवसभर स्क्रीनसमोर बसून माझे खांदे पुढे आलेले, पाठ दुखायची. पखवाजाला मांडी घालून ताठच बसायला लागतं, ते दुखणं कधी गेलं कळलंच नाही. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी. बुवा गातात तेव्हा पखवाजवाल्याने त्यांच्याकडे बघत राहायचं असतं, ते कुठे थांबणार, कुठे गजर वाढवणार हे चेहऱ्यावरून ओळखायचं, आपण पुढे पळायचं नाही. ही सवय हाताला लागली तशी बोलण्यालाही लागली. समोरचा माणूस बोलत असताना मध्ये उत्तर द्यायची माझी घाई होती ती गेली, आणि माणसं आता पैशांबरोबर घरातल्या अडचणी पण सांगतात, ज्या कळल्याशिवाय खरं तर पैशांचा सल्ला देताच येत नाही.

रात्री दशावतार. रंगमंचावर एक बाकडं आणि मागे पडदा, बाजूला पेटी, पखवाज, झांज, एवढ्यावर स्वर्ग, जंगल, राजवाडा सगळं उभं राहतं. लिहिलेली संहिता नाही, आख्यान ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे. राजपार्टी माणूस हातात तलवार घेऊन धर्मावर वीस मिनिटं बोलतो, पुढचा खलपार्टी त्याला तेवढंच उत्तर देतो, आणि एकही शब्द आधी पाठ केलेला नसतो. यातले कितीतरी कलाकार दिवसा शेतात असतात. आजकाल ट्रिकसीनची नाटकं जास्त चालतात, धूर, लाईट, उडणारे देव, मुलांना ती आवडतात, ठीक आहे, पण आमच्या मंडळात मी दरवर्षी हट्टाने पारंपरिक प्रयोगच मागते. कागदाशिवाय माणसांसमोर उभं राहून बोलायची हिंमत मला या लोकांकडे बघून आली. फळ्यासमोर मी आज हातात काही न घेता बोलते ते त्यांच्यामुळे.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा शेडचे पत्रे उडाले, माड पडले, वीज किती दिवस नव्हती. चाकरमान्यांनी पैसे पाठवले, इथल्या पोरांनी पडलेल्या माडांचे वासे काढले, आणि पुढच्या माघीला शेड उभी होती. त्या वर्षी फळ्यावर "पत्रे" अशी वेगळी ओळ होती आणि तिच्यासमोरच्या आकड्याबद्दल कोणीही प्रश्न विचारला नाही, सगळ्यांनी ते पत्रे स्वतः उचललेले होते.

यंदा आमच्या महिला भजनाची शेजारच्या वाडीतल्या बायकांबरोबर डबलबारी, म्हणजे दोन भजनी मंडळांचा समोरासमोर सामना, ठरलीय, दोन्हीकडे पखवाजावर बायकाच. तालमी रोज रात्री साडेआठला शेडमध्ये, मी कुडाळहून गाडी घेऊन येते, दोन कॉलेजच्या मुली पण आता पखवाज वाजवायला लागल्यात, त्यातली एक माझ्यापेक्षा चांगली वाजवते आणि बारीत गजराला तीच बसणार आहे. ज्यांचं गाव जवळ आहे त्यांनी जरूर या. बारी रात्री नऊला, त्यानंतर दशावतार, जेवण दुपारपासून चालूच असतं, आणि फळा चार वाजता.