पाटी, खाडा आणि अंगठा

"काय चाललंय?" "काही नाही, पाट्या टाकतोय."

हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये, सरकारी कचेरीच्या जिन्यावर, बँकेत जेवणाच्या सुट्टीत, कुठंही कान द्या, हे ऐकू येतं. बोलणाऱ्यानं उभ्या जन्मात मातीची पाटी उचललेली नसते. तरी कामातलं मन उडालं हे सांगायला त्याला मातीकामावरचा मजूरच आठवतो. ‘मी लक्ष न घालता काम करतो’ असं म्हटलं तर तो कबुलीजबाब होतो. ‘पाट्या टाकतो’ म्हटलं की ऐकणाराही हसून म्हणतो, "आम्ही तरी दुसरं काय करतोय!"

पाटी टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते कामावर उभं राहून पाहावं. एक जण खोदतो, दुसरा भरतो, तिसरा किंवा तिसरी वाहते. घमेलं नीट भरायला तीन-चार फावडी माती लागते. टाकायची पाटी दीड फावड्यात ‘भरते’. तळ झाकला, कडेला थोडी चढवली, की झालं. डोक्यावरच्या चुंबळीवर गेल्यावर आत किती आहे, हे खाली उभ्या मुकादमाला दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त ये-जा. पुढची गंमत भरावावर. माती खरं तर वीतभर जाडीच्या थरात पसरायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, धुम्मस चालवून ती ठोकून घट्ट करायची आणि मगच वरचा थर. पाट्या टाकणारा कडेला येतो, पाटी उलटी करतो आणि वळतो. ढीग उंच दिसतो, संध्याकाळी मुकादम खूश. पहिल्या पावसात तो भराव बसतो, त्यावरची फरशी हलायला लागते आणि मालक गवंड्याला शिव्या घालतो.

हिशेब मांडून पाहा. माती, मुरूम, वाळू, सगळं ब्रासनं मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. घमेलं दहा-बारा लिटरचं धरलं तर एका ब्रासला अडीचशेच्या आसपास पाट्या लागतात. त्यातून खोदलेली माती फुगते. खड्डा एक ब्रासचा असेल तर बाहेर येणारी मोकळी माती सव्वा ब्रासच्या घरात जाते, म्हणजे पाट्या तीनशेच्या वर. इतक्या फेऱ्यांत दोन-चार अर्ध्या गेल्या तर कुणाला पत्ता लागणार! म्हणूनच जाणता मिस्त्री पाट्या मोजत नाही. तो खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता ठेवायला लावतो. मूळ जमीन कुठं होती, हे तो खुंट सांगतो. त्याच्या माथ्यापासून तळापर्यंत टेप सोडला की काम बाहेर पडतं.

तेव्हा पाट्या टाकणं ही रोजाच्या कामाची चैन आहे. दिवस भरला की पैसे, मग पाटी भरलेली असो नाहीतर रिकामी. मापाच्या कामावर ते परवडत नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1977चा, लागू झाला 26 जानेवारी 1979 पासून. त्या कामांवर मजुरी मापावर पडे. तिथं टोळीतल्या एकानं पाट्या टाकल्या की साऱ्या टोळीची मजुरी घसरायची, आणि त्याचा समाचार मुकादमाच्या आधी शेजारीणच घ्यायची.

दुसरी तऱ्हा उक्त्याची. कुणी उक्तं म्हणतं, कुणी अंगावर घेतलं म्हणतं, मराठवाड्यात गुत्तं. ते घेणारा गुत्तेदार. ठरलेलं काम, ठरलेले पैसे, किती दिवसांत ते तुझं तू बघ. इथं आळसाला जागा नाही, पण घाईला भरपूर. उक्त्याचा गवंडी विटा भिजवत बसत नाही. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला धरायला पाणी उरत नाही, आणि महिन्याभरानं सांध्यात खिळा घातला की भुसा पडतो. या कामचुकारपणाला मराठीत ‘पाट्या’च्या तोडीचा शब्द नाही. ‘उरकलं’, ‘रेटलं’, ‘गुंडाळलं’ एवढ्यावरच भागवावं लागतं. आळशाचं नाव ठेवायला आपल्याकडे शब्दांचा सुकाळ आहे, घाई करणाऱ्याला मात्र आपण सहज माफ करतो, उलट ‘उरक आहे हो त्याला’ म्हणून पाठ थोपटतो.

खाडा आणि दांडी हे दोन शब्द लोक सरमिसळ करून वापरतात. तसं करू नये. दांडी मारतात ती हौसेनं. सामना असतो, पाऊस असतो, कंटाळा असतो. खाडा हिशेबात पडतो. दांडी मारणाऱ्याची असते, खाडा पैसे देणाऱ्याच्या वहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरात ज्या चौकोनात फुली आहे तो दूधवाल्याचा खाडा, गोल आहे तो कामवाल्या मावशींचा. महिनाअखेर चौकोन मोजायचे. ‘बारा तारखेला तुम्हीच गावाला होतात, तो माझा खाडा कसा?’ हा वाद ज्या घरात झाला नाही ते घर दाखवा.

हाच शब्द उसाच्या फडात गेला की हसू पळतं. तिथं ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे ती ‘उचल’. ती तोडलेल्या टनांतून फेडायची. आजारपणाचा दिवस हाही खाडाच, आणि खाड्याला नुसती मजुरी बुडत नाही, वर दंडही कापला जातो. मुंबईच्या गिरणीत तर एकाचा खाडा म्हणजे दुसऱ्याची पाळी. बदली कामगार भोंग्याच्या आधी येऊन उभा राहायचा, कायम माणूस आला नाही तरच आत. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, गिरण्या पुढं बंद पडत गेल्या, पण ‘डे’ आणि ‘नाइट’च्या आधीची दिवसपाळी-रातपाळी गिरणगावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे.

कारकुनांनी भाषेला दिली खर्डेघाशी. खर्डा म्हणजे कच्चा मसुदा, तो घाशीत बसायचं. आता खर्डाही नाही आणि टाकही नाही, तरी मन मारून केलेली कॉपी-पेस्ट खर्डेघाशीच ठरते. नवी पिढी पेपर ‘टाकते’, म्हणजे राजीनामा देते, नाहीतर नोकरीत राहून नवं प्रोजेक्ट मिळेपर्यंत ‘बेंचवर’ बसते. टीम्स या ऑफिसच्या चॅट-ॲपवर नावापुढं हिरवा ठिपका असला म्हणजे माणूस कामावर. माउस पाच मिनिटं हलला नाही की ठिपका पिवळा. म्हणून वाचता वाचता मधूनच एक बोट माउस हलवून येतं. दीड फावड्याची पाटीच ती.

हजेरीचं तर उलटंच झालं. ‘अंगठाबहाद्दर’ हा कधी काळी निरक्षराला मारलेला टोमणा. आता इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक सगळे सकाळी धावत येतात ते ‘अंगठा मारायला’. मारून पुन्हा चहाला जातात, तो भाग वेगळा. यंत्र त्यांचे अंगठे झटकन ओळखतं. अडतं ते खडी, विटा आणि ओलं सिमेंट हाताळणाऱ्यांपाशी. त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, सिमेंटनं कातडी कोरडी पडून चिरलेली असते. यंत्र लाल दिवा दाखवतं. मग बोट पदराला पुसायचं, कपाळावर घासून जरा तेलकट करायचं, पुन्हा ठेवायचं. नाहीच घेतलं तर दुसरं बोट, मग डाव्या हाताचं. मागं रांग चुळबुळते, आणि मुकादम ओरडतो, "अगं, आवर लवकर, पाट्या कोण टाकणार!"